गेल्या गुरुवारबद्दल आभार

आमच्या गावातल्या 'ब्लू रॅम' पबच्या मागच्या खोलीत टाळ्या एक आठवडा आधी पडतात. गाणं या गुरुवारी असेल, तर त्याच्या टाळ्या गेल्या गुरुवारीच पडून गेलेल्या असतात. हे असं का होतं ते पाहायला विद्यापीठातून ध्वनिशास्त्राचा एक माणूस आला होता. त्याने भिंतींवर टिचक्या मारल्या, खुर्च्या सरकवल्या आणि जमिनीवर गालिचा घाला असा सल्ला देऊन तो निघून गेला. गालिचा घातला. पायांना ऊब आली, बाकी काही फरक पडला नाही.

गावाचं नाव थॉर्नली. यॉर्कशरच्या डोंगरात, एका ओढ्याच्या दोन्ही बाजूंना कसंबसं बसलेलं. 'ब्लू रॅम' म्हणजे निळा मेंढा. पाटीवरचा मेंढा खरोखर निळा आहे, त्याबद्दल मात्र अजून कोणी चौकशी केलेली नाही. दर गुरुवारी संध्याकाळी मागच्या खोलीत लोकगीतांचा क्लब भरतो. माइक नाही, स्टेज नाही. शेकोटीजवळ एक मोकळा चौकोन सोडलेला असतो, त्यात उभं राहून गायचं. आधी क्लबातली माणसं एकेक गाणं म्हणतात, मग बाहेरगावचा पाहुणा गातो. मध्यंतरात सोडत निघते आणि कुणाला तरी बिस्किटांचा डबा लागतो.

एकदा सवय झाली की टाळ्यांचं काही वाटत नाही. गाणं संपलं की आम्ही सगळे रीतसर टाळ्या वाजवतो. तळहात तळहातावर आपटतो, पण आवाज येत नाही, कारण तो येऊन गेलेला असतो. त्याच सुमाराला खुर्च्यांच्या बाजूने पुढच्या गुरुवारच्या टाळ्या ऐकू येतात. कधी त्या एखाद्या कडव्याच्या मध्येच पडतात. मग गाणारा थांबतो, एक घोट घेतो, टाळ्या ओसरल्या की पुढचं कडवं धरतो. वेळ थोडी मागेपुढे होते, पण क्रम आजवर चुकलेला नाही.

यामुळे पाहुण्या कलाकारांच्या बाबतीत जरा जपावं लागतं. कार्यक्रम कसा होणार हे आम्हाला आठवडाभर आधी कळलेलं असतं, पण त्यांना सांगायचं नाही असा समितीचा ठराव आहे. एकदा कुणीतरी आगाऊपणा करून ससेक्सच्या एका बँजोवाल्याला फोनवर सांगून टाकलं की तुझ्या टाळ्या छप्पर उडवणाऱ्या होत्या. त्या पठ्ठ्याने आठवडाभर बँजोला हात लावला नाही. आला, भाव खात बसला आणि जेमतेम वाजवलं. आम्ही मात्र हात लाल होईपर्यंत टाळ्या वाजवल्या. पडून गेलेल्या टाळ्या आहेत म्हटल्यावर इलाज काय?

आणखी एक रीत आहे, ती मला सगळ्यात आवडते. आमच्याकडे गाणारा उभा राहिला की सुरुवातीलाच म्हणतो, "गेल्या गुरुवारबद्दल आभार." मग गातो. दुसरीकडे आधी गाणं, मग टाळ्या, मग आभार. आमच्याकडे आधी टाळ्या, मग आभार, मग गाणं. त्यामुळे गाणाऱ्याच्या आवाजात एक नरमाई येते. कुणीतरी विश्वास टाकलेला असतो ना.

मी प्रमिला ढवळे. मूळची मिरजेची. मिरजेची म्हटलं की लोक माझ्याकडे आशेने बघतात, म्हणून आधीच सांगते, मला गाता येत नाही. आमच्या गल्लीत तंबोरे तयार व्हायचे आणि माझा सूर लागला की कारागीर खिडकी लावून घ्यायचे. इथे मी गावच्या दवाखान्यात नर्स होते, आता निवृत्त झाले. माझे यजमान यशवंत रेल्वेच्या सिग्नलवर होते. क्लबात कोण कितव्या नंबरावर गाणार हे मी ठरवते. समितीला त्या जागी न गाणारं माणूस हवं होतं, म्हणजे वशिलेबाजी होत नाही.

मला या खोलीत आणलं विल्फ ऑग्डेनने. आमचा शेजारी. आम्ही नवे आलो तेव्हा मी मनातल्या मनात त्याला 'तुम्ही'च म्हणायची. त्याने बर्फात गोठलेला आमचा नळ सोडवून दिला त्या दिवसापासून 'तू' झालं. त्या पहिल्या हिवाळ्यात मी खिडकीशी बसून नुसती रडायची. दुपारीच अंधार, रस्त्यावर माणूस नाही, बोलायचं कुणाशी? एका संध्याकाळी विल्फने दार वाजवलं. म्हणाला, "गुरुवारी काय करतेस, लव्ह?" इथे बसचा ड्रायव्हरसुद्धा सगळ्यांना लव्ह म्हणतो, त्यात काही विशेष नाही. मी म्हटलं, काही नाही. तो म्हणाला, "मग चल." इतकंच. मी त्याचे आभार कधी मानले नाहीत, कारण ते कसे मानायचे असतात हे मला कळलेलं नाही. पण त्या "मग चल"वर मी या देशात उभी आहे.

विल्फचं गाणं एकच. नेल नावाच्या घोडीचं. मालक बाजारात लोकरीची पोती विकायला जातो, पिऊन तर्र होतो, परतीच्या वाटेवर गाडीत झोपून जातो आणि नेल त्याला घरी आणते. गाण्याला कडवी पुष्कळ, आणि एकाही कडव्यात फारसं काही घडत नाही. घोडी चालते, थांबते, परत चालते. प्रत्येक कडव्यानंतर पालुपद येतं, ते सगळ्या खोलीने म्हणायचं. त्याचं मराठी साधारण असं होईल:

चल गं नेल, चल गं नेल,
वाट तुझी, घर माझं.

हे गाणं विल्फला त्याच्या वडलांकडून आलं. ते खरोखरच गाडी हाकायचे. मध्यंतरात सोडत निघाली की त्यानंतर पहिला नंबर विल्फचा, हे मी यायच्याही आधीपासून ठरलेलं. त्याच्या टाळ्या बेताच्याच असत, जेवण झाल्यावर पान खाल्ल्यासारख्या. पण चुकल्या कधी नाहीत.

मग एका गुरुवारी मात्र चुकल्या. विल्फने गाणं संपवलं, आम्ही आमच्या बिनआवाजाच्या टाळ्या वाजवल्या आणि पुढच्या आठवड्याच्या टाळ्यांची वाट पाहू लागलो. काही आलं नाही. शेकोटीतलं लाकूड फुटल्याचा आवाज आला, तेवढाच. आम्ही थांबलो. विल्फ टोपी हातात धरून चौकोनात उभा होता. अखेर माझ्या यादीतल्या पुढच्या बाई उठल्या, गायल्या, आणि त्यांच्या जागच्या टाळ्या मात्र वेळेवर आल्या. म्हणजे खोली बिघडलेली नव्हती.

अशी शांतता याआधी दोनदा पडली होती. एकदा कॉन्सर्टिना वाजवणाऱ्या मॉरिसच्या जागी. तो आठवडा संपायच्या आत बायकोबरोबर कायमचा स्पेनला गेला. दुसऱ्यांदा ईनिड नावाच्या आजींच्या जागी. त्या स्पेनला गेल्या नाहीत.

विल्फ येऊन माझ्या शेजारी बसला. म्हणाला, "मला ऊन सोसत नाही. म्हणजे स्पेन नाही."

मी म्हटलं, "काहीतरी बोलू नकोस."

"बोलत नाहीये, लव्ह. हिशेब सरळ आहे."

त्याच रात्री समितीची तातडीची बैठक पबच्या स्वयंपाकघरात भरली. अध्यक्ष क्लाइव्ह बूथ, हे जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेले, मेलोडियन वाजवतात आणि बोलताना प्रत्येक वाक्य समतल आहे की नाही ते तपासून घेतात. पबची मालकीण गेनर समितीवर नाही, पण स्वयंपाकघर तिचं होतं. विल्फलाही बसवून घेतलं, कारण विषय त्याचा होता.

क्लाइव्ह म्हणाले, "पहिला प्रश्न. श्री. ऑग्डेन यांच्या टाळ्या दुसऱ्या कुणाच्या टाळ्यांत मिसळल्या असण्याची शक्यता आहे का?"

मी म्हटलं, "नाही. बाकी सगळ्यांच्या लागल्या. मोजून."

"दुसरा प्रश्न. त्यांना पुढच्या गुरुवारी वेगळ्या नंबरावर गाऊ द्यावं का?"

"मग त्या नंबरावर ज्याच्या टाळ्या पडल्यात त्याने काय करायचं?" गेनर म्हणाली. ती सँडविच कापत होती.

तेवढ्यात कुणाच्यातरी डोक्यात आलं की आपण आत्ताच खोलीत जाऊन विल्फसाठी टाळ्या वाजवू. राहिलेला भरणा करून टाकू. सगळ्यांना पटलं. आम्ही परत मागच्या खोलीत गेलो आणि खच्चून टाळ्या वाजवल्या. आवाज अर्थातच आला नाही, तो गेल्या गुरुवारी आला असणार. आणि यशवंतला आठवलं की हो, गेल्या गुरुवारी सगळं आवरल्यावर, खुर्च्या रचताना, कुठूनतरी बऱ्याच टाळ्या पडल्या होत्या आणि त्या कुणाच्या ते आपल्याला कळलं नव्हतं. क्लाइव्हनी तो विषय बंद केला.

मी विल्फला तिथेच खुर्चीवर बसवून त्याची नाडी पाहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी घरी जाऊन रक्तदाब घेतला. सगळं उत्तम. माझ्यापेक्षा उत्तम.

"मग बसखाली येत असेन," विल्फ म्हणाला.

"या गावात बस दिवसातून कितीदा येते? आणि तीही लांबूनच खडखडत येते. तू काय झोपून राहणार आहेस रस्त्यावर?"

"मला मरणाचं काही नाही गं," तो म्हणाला. चहाचा कप त्याने दोन्ही हातांत धरला होता. "नेलचं काय करायचं?"

हा प्रश्न खरा होता. आमच्या क्लबातला नियम असा की ज्याचं गाणं त्याचं. गाण्याचा मालक खोलीत बसलेला असताना ते गाणं दुसऱ्याने म्हणायचं नाही. त्यामुळे नेलचं गाणं विल्फशिवाय कुणी कधी म्हटलेलंच नव्हतं. पालुपद सगळ्यांना पाठ, कडवी कुणालाच नाहीत. विल्फ गेला की नेल वाटेतच राहणार आणि मालक गाडीत झोपलेला. विल्फला मूलबाळ नव्हतं. त्याच्या वडलांनी त्याला दिलेली दुसरी गोष्ट म्हणजे एक चाबूक, तो त्याने घोडी नसल्यामुळे कधी वापरला नव्हता.

"मला दे," मी म्हटलं. म्हटलं आणि जीभ चावली.

विल्फने माझ्याकडे फार मायेने पाहिलं. "तू म्हणतेस हेच पुष्कळ आहे, लव्ह. पण ती घोडी आहे. इतकं तिला सोसायचं नाही."

मग आम्ही विचार केला. अख्खं गाणं कुणी घेईना. क्लाइव्हना पाठांतर होत नव्हतं, गेनरला पब सोडून तालीम करायला वेळ नव्हता, बाकीच्यांना आपापली गाणी होती. शेवटी विल्फच म्हणाला, वाटून टाकू. एकेकाला एकेक कडवं. एवढं तर कुणालाही झेपेल, मिरजेच्या माणसालासुद्धा.

तो आठवडा मी विसरणार नाही. रोज सकाळी विल्फ टोपी घालून, काठी घेऊन निघायचा आणि एकेका घरी जाऊन एकेक कडवं देऊन यायचा. नुसतं शिकवून नाही, द्यायचं म्हणजे रीतसर द्यायचं. समोर बसायचं, कडवं म्हणायचं, समोरच्याने परत म्हणायचं, मग विल्फ म्हणायचा, "हे आता तुझं," आणि हात मिळवायचा. त्यानंतर ते कडवं त्याने पुन्हा तोंडातून काढलं नाही. पहिलं कडवं, ज्यात बाजार उठतो आणि मैलाच्या दगडापाशी गाडी जुंपतात, ते क्लाइव्हना. दगड नक्की कुठल्या मैलाचा, असं त्यांनी विचारलं. गेनरला मिळालं ते कडवं, ज्यात नेल एका पबसमोरून न थांबता जाते.

गेनर भडकली. "न थांबता? माझ्याच पबात उभं राहून मी हे गाऊ?"

"मालक आधीच प्यालाय," विल्फने समजावलं. "तिला त्याची काळजी आहे."

गेनरने हातातला ग्लास पुसून जागेवर ठेवला. मग म्हणाली, "मीही त्याला आणखी प्यायला दिलं नसतं." आणि तिने ते घेतलं.

आमच्या घरी तो दुपारी आला. मी थालीपीठ लावलं होतं. ते त्याला आवडतं, पण तो त्याला पॅनकेक म्हणतो आणि मी दर वेळी दुरुस्त करते. यशवंतला त्याने कालव्याचं कडवं दिलं. बोट जायची म्हणून पूल उघडलेला असतो आणि नेल शहाण्यासारखी उभी राहते. आयुष्यभर सिग्नलवर काम केलेल्या माणसाला दुसरं काय देणार? यशवंतने दोनदा ऐकलं आणि बरोबर म्हटलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण तो म्हणाला कांद्यामुळे.

"कांदा मघाशीच चिरून झालाय," मी म्हटलं.

"अगं, वास राहतो ना घरात," यशवंत म्हणाला.

मला धुक्याचं कडवं मिळालं. मला इंग्रजी शब्द चालीत बसेनात, म्हणून लक्षात राहावं यासाठी मी आधी त्याचं मराठी केलं:

धुकं उतरलं, वाट बुडाली,
नेल थांबली चौकापाशी;
मालक निजला पोत्यांवरती,
नेल बोलली स्वतःपाशी.

"काय बोलली?" मी विचारलं.

"ते गाण्यात नाही," विल्फ म्हणाला. "माझ्या बापालाही माहीत नव्हतं." त्याने हात पुढे केला. "हे आता तुझं."

मी तो हात लवकर सोडला नाही. मला म्हणायचं होतं की मला कडवं नको, तू राहा. तसं म्हटलंही. तो म्हणाला, "राहायचं असतं तर टाळ्या पडल्या असत्या," आणि थालीपिठाचा शेवटचा तुकडा घेऊन गेला.

बुधवार गेला. गुरुवारी सकाळपासून मी काही ना काही निमित्त काढून विल्फकडे डोकावत होते. मीठ मागितलं, मीठ परत केलं. संध्याकाळी आम्ही दोघं त्याला मध्ये घालून पबापर्यंत चालत गेलो. बस आलीच नव्हती. रस्त्यावर एक सायकलवाला दिसला, त्याला यशवंतने हात दाखवून थांबवून ठेवलं, विल्फ पलीकडे पोचेपर्यंत.

खोली भरलेली होती. कधी न येणारी माणसंही आली होती. त्या आठवड्याचे पाहुणे नॉर्थम्बरलंडहून आलेले नवराबायको होते, ती सारंगीसारखं काहीतरी वाजवायची आणि तो गायचा. त्यांनी विचारलं, आज काय विशेष? गेनरने सांगितलं, विल्फ आज मध्यंतरानंतर नसणार आहे. त्यांनी विल्फकडे पाहिलं. विल्फने त्यांना हात हलवला.

पहिला भाग झाला. सोडत निघाली. बिस्किटांचा डबा विल्फलाच लागला आणि खोलीत कुणाला कुठे बघावं कळेना. मग माझं काम आलं. त्या जागी मी आजवर एकच नाव पुकारलं होतं. मी उभी राहिले, घसा खाकरला आणि पुकारलं, "विल्फ ऑग्डेन."

विल्फ उठला. चौकोनात जाऊन उभा राहिला. सगळ्यांचा जीव टांगणीला लागलेला. तो जिवंत होता, समोर होता, आणि त्याच्या टाळ्या पडलेल्या नव्हत्या. हे कसं काय, ते कुणालाच कळेना. क्लाइव्ह हातावरचं घड्याळ कानाशी धरून बघत होते.

विल्फने टोपी काढली. रीतीप्रमाणे आभार मानायचे होते, पण कशाचे? तो क्षणभर थांबला. मग म्हणाला, "गेल्या गुरुवारच्या शांततेबद्दल आभार. त्यामुळे मला सगळ्यांच्या घरी जाता आलं. कितीतरी वर्षं मी तुम्हाला इथेच भेटत होतो. तुमची स्वयंपाकघरं मी पाहिली नव्हती."

असं म्हणून त्याने तोंड उघडलं, आणि मिटलं. परत उघडलं. मग माझ्याकडे वळून हलक्या आवाजात म्हणाला, "लव्ह, माझ्याकडे गाणं नाही."

खरंच नव्हतं. कडवी सगळी देऊन झाली होती आणि ज्यांना दिली ते सगळे मालक खोलीत बसले होते. नियम म्हणजे नियम. त्याच्याकडे पालुपद तेवढं उरलं होतं, ते कुणा एकाचं नसतंच. मग त्याने तेच म्हटलं. चल गं नेल, चल गं नेल. आम्ही सगळ्यांनी त्यात आवाज मिसळला. पालुपद संपलं.

क्लाइव्ह उठले. मेलोडियन खाली ठेवला, कोटाची बटणं लावली आणि पहिलं कडवं म्हटलं, मैलाच्या दगडासकट. सगळ्यांनी पालुपद घेतलं. मग कोपऱ्यातून दुसरं कडवं आलं, खिडकीपाशी तिसरं. गेनर बारमागून ओले हात पुसत आली आणि नेलला पबसमोरून अशी काही पुढे नेली की बाटल्या हादरल्या. यशवंतने कालव्यावर नीट थांबवली आणि बोट पूर्ण गेल्यावरच सोडली.

मग माझं आलं. मी उभी राहिले आणि इंग्रजी शब्द सगळे पळाले. मी मराठीत म्हटलं. चाल कुठल्या कुठे गेली, मधेच तिला जात्यावरच्या ओवीचं वळण लागलं, आणि मी ती तशीच दामटली. खिडकी कुणी लावून घेतली नाही. नॉर्थम्बरलंडच्या बाईंनी माझ्यामागे एक सूर धरून ठेवला, भिंतीला हात लावून चालावं तसा, आणि मी त्याला धरून पलीकडे पोचले. पालुपद आलं तेव्हा मला जाणवलं की आपण रडतो आहोत. मला लाज वाटली नाही.

असं करत नेल डोंगर उतरली, ओढा ओलांडला, गावाच्या कमानीखाली आली. आणि तिथे थांबली. शेवटचं कडवं कुणीच म्हणेना. आम्ही एकमेकांकडे पाहू लागलो. ज्याचं असेल त्याने उठावं, असं क्लाइव्ह म्हणालेही. कुणी उठलं नाही.

"ते राहिलंच," विल्फ म्हणाला. "कुणाला द्यावं सुचेना."

"मग ते तुझंच आहे," मी म्हटलं.

विल्फने हातातल्या टोपीकडे पाहिलं आणि शेवटचं कडवं म्हटलं. हळू, जवळजवळ बोलल्यासारखं. दार उघडं आहे, दिवा आहे, नेल अंगणात उभी राहते आणि मालकाला जाग येते. तो विचारतो, मी इथे कसा आलो? गाणं तिथे संपतं. आम्ही शेवटचं पालुपद म्हटलं. पाहुणे, गेनर, दारात उभा असलेला तो सायकलवाला, सगळ्यांनी.

आणि कुणीही टाळ्या वाजवल्या नाहीत. एकाचाही हात उचलला गेला नाही. ऐकणारं कुणी उरलंच नव्हतं, सगळे गाणारे होते, आणि आपल्याच गाण्याला माणूस टाळ्या कशा वाजवणार? आम्ही नुसते बसून राहिलो. शेकोटीत लाकूड फुटलं.

"हां," विल्फ म्हणाला. "म्हणजे हे होतं तर."

तो येऊन माझ्या शेजारी बसला. मी त्याचा हात धरला. यशवंतने पलीकडून दुसरा धरला. मला इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं, आणि मनातल्या मनात मी सगळ्यांचे आभार मानत सुटले होते, मिरजेच्या देवांचे, थॉर्नलीच्या माणसांचे, त्या घोडीचे.

मग लक्षात आलं की आपण अजून वाट पाहतो आहोत. पुढच्या गुरुवारच्या टाळ्या. त्या जागी याही वेळी काही आलं नाही.

खोलीत पुन्हा कुजबुज सुरू झाली. क्लाइव्ह उभे राहिले. ते म्हणाले, "श्री. ऑग्डेन यांनी कडवी परत मागितल्याचं माझ्या ऐकिवात नाही. तेव्हा पुढच्या गुरुवारीही हे गाणं सगळ्यांनाच म्हणावं लागेल, आणि टाळ्या पडण्याचा प्रश्न येणार नाही. यापुढे या जागेवरची शांतता कोणत्याही गोष्टीचा पुरावा मानण्यात येऊ नये." ठराव एकमताने संमत झाला. मी पुढचं नाव पुकारलं.

तेव्हापासून तसंच चालू आहे. दर गुरुवारी सोडतीनंतर आम्ही नेलला घरी आणतो आणि टाळ्या पडत नाहीत. बाकी सगळ्यांचं आम्हाला आठवडाभर आधी कळतं. कोण येणार, कोण रंगणार, कुणाची बस चुकणार. विल्फचं तेवढं कळत नाही. तो पुढच्या गुरुवारी असणार आहे की नाही, हे समजायला आमच्याकडे काही मार्ग उरलेला नाही. पुढच्या गुरुवारी जाऊन बघावं लागतं.

म्हणून मी लवकर जाते. खुर्च्या लावते आणि दाराकडे तोंड करून बसते. दार उघडतं, आधी काठी आत येते, मग टोपी, मग विल्फ. मी त्याला सांगते, "गेल्या गुरुवारबद्दल आभार." तो म्हणतो, "अगं, आत तर येऊ दे, लव्ह."